बेडशाच्या ओसरीतली जोडपी

कार्ल्याला सगळे जातात. एकवीरेचं दर्शन होतं आणि जाता जाता लेणीही होतात. भाज्याला पावसाळ्यात मुंगीला शिरायला जागा नसते. पण लोहगड-विसापूरची रांग पूर्वेकडे सरकत जाते तिथे, पवनेच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेलं बेडसे मात्र अजून बरंचसं एकटं आहे. कामशेटहून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं, इंद्रायणी तांदळाच्या खाचरांमधून गाव गाठायचं आणि चारशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. वर गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. समोर नुसता कातळ. त्या कातळात एक चिंचोळी गल्ली आहे. लेणं कोरताना समोरचा दगड पूर्ण काढून न टाकता दोन्ही बाजूंना तसाच ठेवलाय आणि मधून फक्त वाट काढलीय. त्या गल्लीतून चार पावलं आत गेलं की एकदम डोक्यावर पंचवीस फुटांचे खांब!

खांब बघून सगळे "वा!" म्हणतात, फोटो काढतात आणि आतल्या स्तूपाकडे वळतात. मान वर करून शेवटपर्यंत बघणारे थोडे. खांबांच्या डोक्यावर उलट्या कमळासारखी घंटा आहे आणि तिच्या वर जनावरं बसली आहेत. घोडे, हत्ती, बैल. आणि जनावरांवर स्वार आहेत बाया आणि पुरुष. जोडीजोडीने. अंगभर दागिने, मोकळी कंबर, चेहऱ्यावर फिरायला निघाल्यासारखा आनंद.

आता जरा थांबून विचार करा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे लेणं. ते कोणासाठी? तर ज्यांनी घरदार, बायको-मुलं, शेतीवाडी सगळं सोडलं अशा भिक्खूंसाठी. संसार सोडण्याची ही जागा, आणि तिच्या दारातच संसारी जोडपी! कार्ल्यालाही आहेत, तिथे तर ती चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर माणसाएवढी मोठी आहेत. ह्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. कोणी म्हणतं ही मंगलचिन्हं आहेत, कोणी म्हणतं ही दान देणारी मंडळी, कोणी समृद्धीशी संबंध जोडतं. असेलही. पण आपल्यासारख्या साध्या माणसाला दिसतं ते एवढंच, की आत जाताना ह्या जोडप्यांच्या खालून जावं लागतं. आतला चैत्य तसा साधा. दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांची रांग, टोकाला स्तूप, कोरीवकाम फारसं नाही. जी काही हौस केली ती बाहेर, ओसरीत.

आणखी एक गंमत आहे. ओसरीच्या भिंती नीट बघितल्या तर लाकडी घराची नक्कल दिसते. गवाक्षं, कठडे, सगळं लाकडी इमारतीतलं, दगडात उतरवलेलं. शेजारचा विहारही असाच. गोल पाठीचा, वर गजपृष्ठाकार छत, भिंतीत झोपायच्या खोल्या. सुताराने बांधावं तसं पाथरवटांनी खणलंय. म्हणजे घर सोडून निघालेल्या लोकांसाठी डोंगरात पुन्हा घरच कोरलं गेलं!

हे सगळं आज लिहायचं कारण थोडं खाजगी आहे, पण इथे वाचणारी बहुतेक मंडळी घरचीच, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. माझं लग्न परस्परसंमतीने संपलं त्याला आता तीन वर्षं झाली. भांडण-तंटा नाही, कोणी वाईट नाही, नुसतं संपलं. तेव्हापासून मला ज्या सूचना मिळाल्या त्यांची वही झाली असती. आत्याने सांगितलं, अल्बम गच्चीत नेऊन जाळून टाक. मैत्रिणी म्हणाल्या, मूव्ह ऑन हो. (ह्याला मराठीत नक्की काय म्हणायचं ते कोणालाच सांगता येईना.) एका काकांनी तर, ज्या ज्या ठिकाणी दोघं मिळून गेलात तिथे पुन्हा पाऊल ठेवू नकोस, असा वटहुकूम काढला. आता पंचाईत अशी, की बेडशाला मी पहिल्यांदा गेले ती त्याच्याचबरोबर. लेण्यांचं वेड मला त्याने लावलं. ब्राह्मी अक्षरं ओळखायला त्याच्याच वहीतून शिकले. मग आता काय, ब्राह्मी पण विसरायची?

काकांचा मान राखून मी गेलेच. एकदा नाही, पाच-सहा वेळा. आणि मग जसा माझा स्वभाव आहे तसं, जुन्या लोकांनी हे सोडणं-बिडणं कसं केलं ते शोधत बसले.

सुरुवात शब्दांपासून केली. आपल्याकडे नवरा-बायको वेगळे होण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे बहुधा लग्नालाही नसतील. काडीमोड म्हणजे पंचांसमोर वाळकी काडी मोडून दोन तुकडे करायचे. आवाज झाला, चार लोकांनी ऐकला, संपलं. सोडचिठ्ठी म्हणजे लेखी सोडवणूक, ती बाईच्या हातात असली की तिला पाट लावता येई, म्हणजे दुसरं लग्न. पेशवाईतही आणि त्यानंतरही कितीतरी जातींत हे सर्रास चालायचं. घटस्फोट झाला की जग बुडतं ही कल्पना मुख्यतः वरच्या जातींची, आणि तीच पुढे 'आपली संस्कृती' म्हणून सगळ्यांच्या गळ्यात बांधली गेली. असो. तिसरा शब्द फारकत. हा फारसीतून आलेला, मूळ 'फारिगखती'. त्याचा मूळ अर्थ देणं फिटल्याची पावती! सावकाराने कुळाला द्यायची, हिशेब चुकता झाला, आता माझं तुझ्याकडे काही निघत नाही. तोच कागद पुढे नवरा-बायकोच्या कामी आला.

आणि चौथा शब्द सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात लग्न मोडण्याविषयीचे नियम आहेत. दोघांनाही एकमेकांचा द्वेष वाटत असेल तर लग्न मोडता येतं, एकाचीच इच्छा असेल तर नाही. (म्हणजे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचं कलम १९७६ साली आलं, त्याच्या पुष्कळ आधी कोणीतरी हा विचार करून ठेवला होता. अर्थात तेव्हाही पहिल्या चार 'धर्म्य' विवाहांना ही सोय नव्हतीच.) तर ह्या लग्न मोडण्याला कौटिल्य जो शब्द वापरतो तो आहे मोक्ष. होय, मोक्ष! ज्याच्यासाठी लोक हिमालयात जातात तोच. आपला 'मोकळं करणं' हा शब्दप्रयोगही त्याच कुळातला. 'तिला मोकळी केली' असं माझी आजी म्हणायची तेव्हा त्यात एवढं सगळं दडलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

ह्या चारही शब्दांमध्ये विसरणं कुठेच नाही. काडी मोडायची ती चारचौघांत. चिठ्ठी लिहायची ती जपून ठेवण्यासाठी. फारकतीत तर हिशेबच करायचा, कोणाचं किती निघालं ते मांडून. जाळून टाक, पुसून टाक, नाव काढू नकोस, हे एकही शब्द सांगत नाही.

कागद झाला म्हणजे माणूस मोकळं होतंच असंही नाही. रखमाबाईंचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, निदान असायला हवं. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं, पण त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. म्हणजे अक्षरशः फारकत. दादाजींनी दुसरं लग्न केलं, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत, पुढे राजकोटला त्यांनी आयुष्यभर दवाखाना चालवला. आणि त्यांच्या चरित्रात येतं, की १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रं घातली. ज्या संसारात त्या एक दिवसही राहिल्या नाहीत त्या संसारासाठी! मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. एवढं लढून शेवटी हे? आता तेवढा येत नाही. कोर्टाने काय ठरवायचं ते ठरवलं होतं, दोन हजारही देऊन झाले होते, पण पांढरं नेसायचं की नाही हे ठरवणारी ती एकटीच होती. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या.

परत बेडशाकडे येते. लेण्यांतली गोष्ट सोडून जाणाऱ्यांची. पण प्रत्येक सोडून जाणाऱ्यामागे कोणीतरी मागे राहिलेलं असतं, त्याचं काय? ह्या प्रश्नाचं चित्र आपल्याकडे आहे, अजिंठ्याच्या सोळा नंबरच्या लेण्यात. 'मरणोन्मुख राजकन्या' ह्या नावाने ते वर्षानुवर्षं गाजलं. खरं म्हणजे ती मरत-बिरत नाहीये. ती आहे सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नंद भिक्षापात्र पोचवायला म्हणून बुद्धाच्या मागे गेला तो परत आलाच नाही, त्याची दीक्षा झाली. आणि एक सेवक त्याचा मुकुट घेऊन घरी आला. तो मुकुट बघून ती कोसळते आहे. दासी मागून सावरताहेत. बस. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने नंदाच्या दीक्षेबरोबर हेही रंगवलं, त्याच भिक्खूंच्या राहत्या विहाराच्या भिंतीवर. सकाळ-संध्याकाळ येता-जाता त्यांना दिसेल असं.

मागे राहिलेल्यांचा आवाज ऐकायचा तर थेरीगाथा काढावी. ७३ थेरींच्या गाथा आहेत त्यात. इसिदासीची मला सगळ्यात जवळची. उज्जैनच्या शेठजीची लाडकी लेक, साकेतच्या शेठजीच्या घरी दिली. सासू-सासऱ्यांना वाकून नमस्कार, नवऱ्याची वेणीफणी, स्वयंपाक, भांडी, सगळं स्वतः. तरी नवरा म्हणतो, हिच्याबरोबर मला राहायचं नाही. आईबाप विचारतात, तिचं चुकलं तरी काय? तो म्हणतो, काही नाही, पण नको. माहेरी परत. बापाने दुसरं लग्न लावलं, महिन्याभरात तेही मोडलं. मग दारात भिक्षा मागायला आलेल्या एका बैराग्यालाच बापाने पकडलं, की बाबा, ते भांडं आणि चिंध्या टाक आणि माझा जावई हो. तो पंधरा दिवस टिकला आणि मग म्हणाला, माझं भांडं आणि चिंध्या मला परत द्या, मी जातो! (इथे हसावं की रडावं कळत नाही. मी दोन्ही केलं.) इसिदासी मग भिक्खुणी झाली. आणि हे सगळं ती सांगते कधी? सगळ्यातून पार झाल्यावर, पाटलीपुत्राला गंगेच्या काठी, जेवणं झाल्यावर निवांत बसून, बोधी नावाच्या मैत्रिणीने विचारलं म्हणून. पहिला नवरा, दुसरा, तिसरा, क्रमाने, काही न गाळता. तिला सगळं लख्ख आठवतंय. तिने जी कारणं दिली आहेत, मागच्या जन्मीची पापं वगैरे, ती मला पटत नाहीत. पण सांगण्याची पद्धत पटते. आवाज न चढवता.

आता ज्यांच्यामुळे हे पाली साहित्य मराठी माणसाच्या घरात आलं ते धर्मानंद कोसंबी. त्यांची गोष्ट बेडशापासून लांब वाटेल, पण वळून मावळातच येते, जरा धीर धरा. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्म. लग्न बाळाबाईंशी. १८९९ साली, पहिली मुलगी माणिक अगदी तान्ही असताना, त्यांनी घर सोडलं. बुद्धधर्म शिकायचा ह्या एकाच ध्यासाने. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि तिथून पुढे सिलोन. तिथे भिक्खूची दीक्षा घेतली, मग ब्रह्मदेश. हे सगळं त्यांनी 'निवेदन' ह्या आत्मचरित्रात फार सरळपणे लिहिलंय. वाचलं नसेल तर वाचा, मराठीत एवढं प्रामाणिक पुस्तक क्वचित सापडतं. फक्त वाचताना एवढं लक्षात ठेवा, की निवेदन धर्मानंदांचं आहे. बाळाबाई त्यात येतात त्या त्यांच्या शब्दांतून. सात वर्षं गोव्यात तान्ह्या मुलीला घेऊन राहिलेल्या बाईची ओसरी आपल्याला त्या पुस्तकाच्या खिडकीतूनच दिसते.

सात वर्षांनी, १९०६ साली, ते परत आले. चीवर उतरवून, संसारात. बुद्धाची परंपरा बघितली तर ही उलटी गोष्ट म्हणायला हवी, नंद काही परत आला नव्हता. १९०७ साली त्यांना मुलगा झाला, दामोदर. पुढे धर्मानंद पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला होते तेव्हा कुटुंब बरोबर होतं, नंतर हार्वर्डच्या फेऱ्या, पुन्हा ताटातूट, पुन्हा भेट. १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. सोडणं ह्या माणसाला आयुष्यभर सुटलं नाही, असंच म्हणावंसं वाटतं.

तो १९०७ सालचा मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, आणि आपल्या इतिहासाला नवी नजर देणारा माणूस. पुण्यात घर आणि मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी, त्यामुळे डेक्कन क्वीनने जा-ये. गाडी रोज मावळातूनच जायची. ह्या भागात ते पायी हिंडले, दगडी सूक्ष्म हत्यारं वेचली, खेड्यांमधल्या देव्यांची ठाणी बघितली, कार्ल्याच्या लेखांमधल्या धेनुकाकटच्या दानी लोकांवर लिहिलं, आणि लेणी ही अशीच कुठेतरी रानात नाहीत, घाटवाटांच्या व्यापारी मार्गांना धरून आहेत, हे ठणकावून सांगितलं. भिक्खू सोडून आले होते, पण पैसा, बैल, मीठ आणि कापड त्यांच्या दारावरूनच जात होतं! बाप घर सोडून बुद्ध शोधायला गेला, परत आला, आणि परत आल्यावर झालेल्या मुलाने लेण्यांचा हिशेब मांडला. मला ह्यात कोणाला जिंकल्याची टोपी घालायची नाही. बाळाबाईंची ती सात वर्षं कोणाच्याही पुस्तकाने भरून निघत नाहीत.

व्यापाऱ्यांवरून आठवलं. बेडशाच्या ओसरीतच एक छोटा लेख आहे, नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याच्या दानाचा. बापाचं नाव, गावाचं नाव, स्वतःचं नाव, दान. संपलं. नाशिकचा माणूस, मावळात येऊन दगडाला पैसे देऊन गेला. पाण्याच्या टाक्यापाशी दुसरा लेख, एका बाईचा. सामडिनिका. महाभोजाची मुलगी, महारठिनी, महादेवी, आणि आपदेवणकाची 'बितियिका'. ह्या शेवटच्या शब्दावर अडायला होतं. संस्कृत द्वितीयेवरून आलेला. कोणी त्याचा अर्थ नुसता पत्नी असा लावलाय, म्हणजे सोबतीण, कोणी दुसरी बायको. तो एक शब्द कसा वाचायचा त्यावर एका बाईचं अख्खं घर बदलतं! मी माझ्यापुरती 'सोबतीण' वाचते. दोन हजार वर्षांमागच्या बाईला आपण एवढी सवलत द्यायला हरकत नाही. पण एक लक्षात घ्या, तिने दान देताना माहेर, सासर, पदव्या, नवरा, सगळं लिहून घेतलंय. ज्या संघाला हे दिलं तो संघ नात्यांमधून बाहेर पडलेला. त्यांनीही म्हटलं नाही, की बाई, हे असलं काही इथे नको. लिहू दिलं. कोकणात कुड्याच्या लेण्यांत तर पदुमनिका नावाच्या भिक्खुणीने स्वतःचं दान नोंदवताना आपल्या आईचं आणि मामांचं नाव लिहिलंय, आणि तिची आईही भिक्खुणीच होती. प्रव्रज्या घेतली तरी आई ती आई, मामा ते मामा.

बेडशाचा तिसरा लेख मात्र ह्या सगळ्यांहून निराळा. चैत्यगृहाच्या जवळच एक छोटासा स्तूप कोरलाय, सहज बघितला तर अर्धवट सोडलेलं काम वाटेल. तो गोभूतीचा स्तूप. गोभूती आरण्यक होता, म्हणजे गावात न राहता रानात राहायचं व्रत घेतलेला. पिंडपातिक होता, म्हणजे भिक्षापात्रात पडेल तेवढंच खायचं, कोणाचं आमंत्रण घ्यायचं नाही. मारकुडावर राहणारा, बहुधा ह्याच डोंगराचं ते जुनं नाव. भिक्खूंमध्येही ही फार कडक व्रतं. सगळं सोडलेल्यांमध्ये ज्याने आणखी थोडं सोडलं असा माणूस. त्याच्या मागे राहण्यासारखं काय असणार? एक चीवर, एक पात्र.

आणि हा स्तूप केला कोणी? त्याच्या अंतेवासीने. नाव आसाळमित, संस्कृतात आषाढमित्र. अंतेवासी म्हणजे शिष्य हे आपण शाळेत शिकलो, पण शब्दाचा सरळ अर्थ आहे जवळ राहणारा. आरण्यकाच्या जवळ राहणारा! ज्याने गाव सोडलं, माणसांची आमंत्रणं सोडली, त्याच्याजवळ एक जण राहत होता. पावसाळ्यात, मावळातल्या त्या पावसात, चार महिने समोरचा डोंगर दिसत नाही तेव्हाही. कोणी राजा नाही, शेठी नाही, महारठिनी नाही. गोभूती गेल्यावर ह्या जवळ राहणाऱ्याने डोंगराला छिन्नी लावून घेतली, गुरूचं नाव लिहिलं, त्याची व्रतं लिहिली, राहण्याची जागा लिहिली, आणि खाली, मी त्याच्याजवळ राहायचो, हेही लिहिलं.

मला हा लेख बेडशातल्या सगळ्या खांबांपेक्षा मोठा वाटतो. सगळं अनित्य आहे हे रोज पाठ म्हणणारा माणूस हा. त्याला कोणीतरी सांगू शकलं असतं, अरे, आसक्ती सोड, गेला तो गेला, कशाला दगड खोदतोस. कदाचित सांगितलंही असेल, काका काय सगळ्या काळात असतात. पण त्याने एकदा नीट लिहून काढलं. स्वतःच्या खोलीत नाही, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं. काडीमोड जशी चारचौघांत, फारकत जशी कागदावर, तसंच हे. गोभूतीशी त्याचा जो काही हिशेब होता तो त्याने दगडावर मांडला. मी माझा अल्बम जाळला नाही. माळ्यावरही टाकला नाही. पुस्तकांच्या कपाटात, गॅझेटियरच्या शेजारी ठेवलाय, कोणाला बघायचा असेल तर बघावा. आत्या, पुढच्या वेळी आलीस की तुलाही दाखवीन, बेडशाचे फोटो त्यात चांगले आहेत.

पुसून टाकण्याचा प्रयोग बेडशाला झालेला आहे. आतल्या चैत्यगृहात एकेकाळी रंगीत चित्रं होती. १८६१च्या सुमारास त्यांचे अवशेष दिसत होते. पुढे लेणी 'स्वच्छ' करण्याचे हुकूम निघाले, कोणी बडा साहेब बघायला येणार म्हणून. गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी मनापासून काम केलं. घासलं, पुसलं, चुना फासला. दीड हजार वर्षं, कदाचित जास्तही, ऊन-पाऊस-वटवाघळं सोसून जे उरलं होतं ते एका साफसफाईत गेलं. आता खांबांवर कुठे रंगाचा भास होतो तेवढाच. मी दर वेळी उगाच भिंतीजवळ टॉर्च धरून बघते.

कोणाला जायचं असेल तर सकाळी लवकर जा. चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, उजेड त्या गल्लीतून सरळ आत येतो. दुपारनंतर ओसरी अंधारते आणि वरची शिल्पं नीट दिसत नाहीत. पाणी बरोबर ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असतं, चपला घालून जाऊ नका. गोभूतीचा स्तूप पटकन सापडत नाही, चैत्यगृहातून बाहेर आल्यावर आसपास शोधा. आणि ओसरीत आधी मान वर करा. घोड्यावरची जी बाई आहे तिचा हात बघा, नवऱ्याच्या मागे किती सहज बसलीय ती.